आरटीई सोडत : ‘नंबर लागला नाही’ म्हणजे नेमके काय झाले?

‘नंबर लागला का?’ फेब्रुवारीच्या मध्यापासून वर्धा जिल्ह्यात पहिलीच्या वयाचे मूल असलेल्या घरांत हा एकच प्रश्न फिरतो आहे. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, देवळीच्या एमआयडीसीत, आर्वीच्या बसस्टँडवर, शेतात हरभरा सोंगताना. ज्यांचा लागला ते पेढे वाटत आहेत, व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवत आहेत. ज्यांचा लागला नाही ते मोबाइल खिशात टाकून ‘नशिबातच नव्हतं पोराच्या’ एवढे बोलून कामाला लागत आहेत.

नशिबाची ही भाषा इतकी सवयीची झाली आहे की तिचे कुणाला नवल वाटत नाही. पण आपण लॉटरीच्या तिकिटाविषयी बोलत नाही आहोत. बोलतो आहोत ते कायद्याने दिलेल्या हक्काविषयी. शिवाय ज्याला आपण नशीब म्हणतो, त्यातला बराच भाग सोडतीच्या दिवसाआधीच ठरलेला असतो. तो कुठे ठरतो आणि कोण ठरवते, हे कळले तर राग तरी योग्य पत्त्यावर जाईल.

आधी यंदाचे चित्र. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षासाठी १० फेब्रुवारीला पुण्यात राज्यस्तरीय सोडत निघाली. राज्यभरात जागा सुमारे १ लाख ९ हजार, अर्ज तीन लाखांहून अधिक. पहिल्या फेरीत १ लाख १ हजारांहून जास्त मुलांची निवड झाली आणि ८५ हजारांच्या आसपास मुले प्रतीक्षा यादीत गेली. उरलेली एक लाखाहून अधिक मुले कुठल्याच यादीत नाहीत. तीन मुलांमागे साधारण एक जागा, असा हा हिशेब आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचे. फीची भरपाई सरकार करणार. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद वैध ठरवली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळलेल्या आहेत. म्हणून गावातली एखादी नावाजलेली शाळा यादीत दिसत नसेल तर पोर्टल बिघडले असे समजू नका, ती बहुधा अल्पसंख्याक दर्जाची असते.

घर कुठे आहे, यावर अर्धे ठरते

बहुतेक पालकांची समजूत अशी की सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकतात आणि हात घालून एक काढतात. तसे नाही. अर्ज भरताना घराचे ठिकाण नकाशावर दाखवावे लागते. त्यावरून शाळेचे अंतर निघते आणि रांग लागते. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणारे आधी, मग एक ते तीन किलोमीटरवाले, त्यानंतर तीन किलोमीटरपलीकडचे. सोडत लागते ती या रांगेच्या आत. पहिल्याच टप्प्यात जागा भरल्या तर पुढच्यांचा प्रश्नच येत नाही.

ही अट मुळात चुकीची नाही. सहा वर्षांच्या मुलाला रोज लांब जायला लागू नये, हा हेतू चांगलाच आहे. पण वर्ध्यासारख्या जिल्ह्यात तिचा परिणाम काय होतो ते पाहा. आठ तालुके आहेत. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांची दाटी वर्धा शहरात, हिंगणघाटला, थोडीफार पुलगाव आणि आर्वीला. आष्टी, कारंजा, समुद्रपूर या तालुक्यांतल्या बहुतेक लहान गावांत तीन किलोमीटरच्या आत अशी शाळाच नाही. तिथल्या शेतमजुराचे मूल कागदावर पूर्ण पात्र असते, पण रांगेत शेवटी उभे असते. शहरात शाळेच्या मागच्या गल्लीत राहणारे मूल पुढे असते. एक बाप म्हणतो नशीब फळफळले, दुसरा म्हणतो फुटके निघाले. खरे तर दोघांच्या मध्ये आठ-दहा किलोमीटरचा रस्ता आहे.

नकाशावरच्या या लाल खुणेचे आणखी एक दुखणे आहे. मोबाइलवर अर्ज स्वतः भरणारे पालक थोडे. बाकीचे सेतू केंद्रात किंवा नेट कॅफेत जातात. तिथे रांग असते, भरणाऱ्याला घाई असते. खूण घरावर पडली की बाजारचौकात पडली, हे पाहायला कुणाला वेळ नसतो आणि पालकाला तो नकाशा वाचताही येत नाही. पुढे पडताळणीत पत्ता आणि खूण जुळली नाही तर झालेली निवड रद्द होऊ शकते. म्हणजे चूक कॅफेवाल्याची आणि शिक्षा मुलाला. पंचायत समितीत जानेवारीत पंधरा दिवस एक मदत टेबल लावून त्यावर माहीतगार माणूस बसवला, तर यातले निम्मे रडगाणे संपेल. टेबल लागतेही, पण गरज असते ती अर्ज भरताना आणि गर्दी दिसते ती निकाल लागल्यावर.

‘गाडीवाल्याचा लागला, आमचा नाही’

दरवर्षी निकालानंतर ऐकू येणारी ही तक्रार चहाच्या टपरीवरची म्हणून सोडून देऊ नये. तिच्यात तथ्य आहे, मात्र त्याचे कारण बहुतेकांना वाटते ते नसते.

पात्रतेचे दोन मुख्य गट आहेत. दुर्बल घटक म्हणजे ज्यांचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत आहे असे खुल्या प्रवर्गातील पालक. वंचित घटक म्हणजे अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग आणि इतर काही. या दुसऱ्या गटाला उत्पन्नाची अट नाही. आपल्या जिल्ह्यात इतर मागासवर्गाची संख्या मोठी. त्यामुळे चांगले दुकान चालवणारा आणि त्याच दुकानात पोती उचलणारा, दोघेही एकाच रांगेत येतात आणि सोडत दोघांना सारखेच मोजते. दुकानदाराने काही लबाडी केलेली नसते. नियमच तसा आहे.

दुसऱ्या टोकाला एक लाखाची मर्यादा. वर्षाचे एक लाख म्हणजे दिवसाला २७४ रुपये, तेही वर्षाचे ३६५ दिवस धरून. एवढ्यात चार जणांचे घर कसे चालते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या आकड्याचा अर्थ सांगायला नको. कंपनीत कंत्राटावर असलेल्या माणसाचा पगार बँकेत जमा होतो, म्हणून त्याचे उत्पन्न कागदावर दिसते आणि तो बाहेर पडतो. ज्याचे उत्पन्न कागदावर दिसत नाही तो कितीही कमावत असला तरी आत येऊ शकतो. मग दाखले ‘बसवून’ आणले जातात, भाडेकरार तयार होतात. शेजारच्या नागपुरात २०२४ मध्ये बनावट कागदपत्रांवरून पालकांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. फसवणूक ती फसवणूकच, तिची बाजू कुणी घेऊ नये. पण मर्यादा इतकी खाली ठेवायची की खरे बोलणारा गरीबच बाहेर फेकला जावा, हेही धोरण म्हणून शहाणपणाचे नाही. वंचित गटात सरसकट उत्पन्नाची अट आणा असे माझे म्हणणे नाही. सामाजिक वंचितपणा पगाराच्या पावतीने मोजता येत नाही. मात्र एकाच गटातल्या दोन अर्जांत ज्याचे घर हातावर पोट असलेले आहे त्याला आधी संधी, एवढे करायला काय हरकत आहे?

जागा रिकाम्या आणि मुले बाहेर

आणखी एक कोडे आहे. अर्ज जागांच्या जवळजवळ तिप्पट, तरीही पहिल्या फेरीत सगळ्या जागा भरल्या नाहीत. हे कसे?

पालकाला जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येतात. प्रत्यक्षात अनेक जण दोन-तीनच टाकतात आणि त्याही सगळ्यांनी टाकलेल्याच. मोठे गेट, पिवळ्या बसगाड्या, संमेलनाचे फ्लेक्स असलेल्या शाळांवर अर्जांचा ढीग पडतो आणि चार गल्ल्या पलीकडच्या साध्या शाळेची जागा रिकामी राहते. पालकांना दोष देणे सोपे आहे. पण कोणत्या शाळेत गेल्या वर्षी किती जागांवर किती अर्ज आले, हे अर्ज भरण्याआधी त्यांना कोण सांगते? ही माहिती सरकारच्या संगणकात असते. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने ती शाळानिहाय एका पानावर छापून प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर चिकटवली, तर पालक आपोआप शहाणपणाने निवड करतील. अंगणवाडीताईइतका पालकांच्या जवळचा माणूस दुसरा नाही.

ज्यांचे नाव प्रतीक्षा यादीत आहे त्यांना एक सांगणे. निवड झालेली सगळी मुले प्रवेश घेत नाहीत. कुणाची कागदपत्रे अडतात, कुणी गाव सोडते, कुणाला ती शाळा नको असते. मग पुढच्या फेऱ्यांत यादी सरकते. मेसेज येईल म्हणून नुसती वाट पाहू नका. गावात रेंज नसते, सिम बदललेले असते, अर्जावर नंबर भलत्याचाच असतो. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्थिती स्वतः तपासायची, असे विभागही दरवर्षी सांगतो. तारीख हुकली की हक्क गेला, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे हात जोडून उपयोग होत नाही.

नंबर लागल्यानंतरचे चटके

पेढे वाटणाऱ्या घरातही सगळे गोड नसते. पहिले काम कागदपत्रांची पडताळणी. सोंगणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तालुक्याला जायचे. जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, जन्माचा दाखला, भाड्याने राहत असाल तर नोंदणी केलेला करार. हा करारच अनेकांना नडतो. घरमालक पाच वर्षे खोली देतो, पण निबंधक कार्यालयात यायला तयार नसतो.

नंतर शाळा. फी माफ असते, बाकीचे सुरू होते. पुस्तकांचा संच, दोन प्रकारचे गणवेश, बूट, बस, सहल, संमेलन. केंद्राच्या २०१० च्या नियमांत या मुलांना पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. त्यांना वर्गात वेगळे बसवायचे नाही, हेही त्यात आहे. किती पालकांना हे माहीत आहे? ज्यांना माहीत आहे त्यातले किती जण शाळेत जाऊन बोलतात? ‘फुकटात शिकवतात, वर तोंड कसं वर करावं,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा राग येतो. फुकटात कुणी शिकवत नाही. त्या मुलामागे सरकार शाळेला पैसे देणे लागते आणि ते पैसे तुमच्या-माझ्या काडेपेटीपासून डिझेलपर्यंतच्या करातून जमा झालेले असतात.

आता शाळांची बाजूही ऐकली पाहिजे. एका मुलामागे सरकारने ठरवलेली प्रतिपूर्ती वर्षाला १७,६७० रुपये. कोविडच्या काळात शाळा बंद होत्या म्हणून ती ८,००० वर आणली गेली. ही रक्कम वेळेवर मिळत नाही, वर्षानुवर्षे थकते, अशी संस्थाचालकांच्या संघटनांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. मोठ्या शहरातल्या श्रीमंत शाळेला काही फरक पडत नाही. पण तालुक्याच्या गावी दोनशे मुलांवर चालणारी शाळा या थकबाकीने खरोखर अडचणीत येते. तिचा राग मग कुणावर निघतो? समोर बसलेल्या मुलावर आणि त्याच्या आईवर. सरकारने वेळेवर पैसे दिले तर या मुलांकडे पाहण्याची शाळांची निम्मी नजर बदलेल.

पालकांची खरी प्रतिक्रिया २०२४ मध्ये कळली

निकालाच्या दिवशीचे पेढे आणि डोळ्यांतले पाणी ही बातमीतली प्रतिक्रिया झाली. पालकांना काय वाटते ते सगळ्यात स्पष्ट दिसले ते गेल्या वर्षी, तेही आकड्यांत.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट. म्हणजे आरटीईचा अर्ज भरायचा आणि मिळणार काय, तर बहुतेक वेळा जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा, जिचे दार तसेही वर्षभर उघडे असते. या पद्धतीने राज्यात जागा झाल्या सुमारे ८ लाख ८६ हजार. अर्ज किती आले? सत्तर हजारांच्या आसपास.

६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली. प्रक्रिया जुन्या पद्धतीने पुन्हा सुरू झाली. जागा उरल्या सुमारे १ लाख ५ हजार आणि अर्ज आले २ लाख ४२ हजारांवर. १९ जुलैला न्यायालयाने तो नियमच रद्द केला, दुसऱ्या दिवशी सोडतीची यादी लागली आणि ९३ हजार मुलांची निवड झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, १ जुलैला उघडल्या होत्या. तरीही यादी लागेपर्यंत आपल्याकडची मुले तीन आठवडे कुठल्या ना कुठल्या शाळेत बसली होती. ज्यांनी उसने घेऊन फी भरली होती ते पैसे परत मागत फिरले.

या दोन आकड्यांवरून ‘लोकांना सरकारी शाळा नको आहेत’ असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. उघड्या दारासाठी अर्ज कोण करील? पण एवढे नक्की कळते, की पालक या सोडतीत उतरतात ते शाळा मिळावी म्हणून नव्हे. शाळा गावात आहेच. त्यांना ती शाळा टाळायची आहे. नंबर लागला नाही की जे दुःख होते ते याचे असते.

ते ही शाळा का टाळतात, हेही विचारायला हवे. इंग्रजीचे वेड हे एक कारण, पण एकटे नाही. चार वर्गांना मिळून दोन शिक्षक, त्यातला एक जनगणनेपासून मतदार यादीपर्यंत कशाला ना कशाला जुंपलेला. पट घसरत चाललेला. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचा प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने मागवला, तेव्हापासून लहान गावांत एक धास्ती आहे. आज पोराला घातले आणि दोन वर्षांनी शाळाच बंद झाली तर? बंद पडण्याच्या भीतीने पालक मूल काढतात आणि मूल काढल्याने शाळा बंद पडण्याच्या दिशेने जाते.

तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. जिल्हा परिषदेचा शिक्षक पात्रता परीक्षा आणि डी.एड. करून आलेला असतो. फ्लेक्सवाल्या शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या बाईंचे शिक्षण किती आणि पगार किती, हे पालक कधी विचारत नाहीत. नंबर न लागलेल्या आई-वडिलांनी कर्ज काढून दुय्यम दर्जाच्या खासगी शाळेत धावण्याआधी गावातल्या शाळेत एक दिवस जाऊन बसावे. तिसरीतल्या मुलाला एक उतारा वाचायला सांगावा, एक वजाबाकी द्यावी. जमली तर मुलाला तिथेच घालावे आणि शाळा व्यवस्थापन समितीत स्वतः शिरावे. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, हे कायद्यातच आहे. मुलाला ते जमले नाही, तर तोच उतारा घेऊन ग्रामसभेत उभे राहावे.

सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून सगळ्यांना, हा ठराव याच वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेत, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झाला. झाकीर हुसेन समितीने त्याची योजना केली, देशभर ती ‘वर्धा योजना’ म्हणून ओळखली गेली. सेवाग्रामला नई तालीमचे आनंद निकेतन आजही चालते. तिथे पाहुणे येतात, फोटो काढतात आणि जातात. त्या ठरावात ‘सगळ्यांना’ हा शब्द होता, तिघांतल्या एकाला असे नव्हते.

शेवटी, यंदा ज्यांचा नंबर लागला त्यांच्यासाठी एक हिशेब, जो प्रवेशाच्या गडबडीत कुणी सांगत नाही. हा हक्क आठवीपर्यंतच आहे. २०१२-१३ मध्ये पहिलीत आलेली मुले २०२० साली नववीत गेली, तेव्हा त्यांच्या पालकांच्या हातात एकदम पूर्ण फीचा कागद पडला. काहींनी दागिने मोडले, काहींनी मूल काढून अनुदानित शाळेत घातले. आज पहिलीत जाणारे मूल २०३३ मध्ये नववीत असेल. त्या शाळेची नववीची फी आज किती आहे, एवढे प्रवेशाच्या दिवशी विचारून ठेवा.